बाबांनी लावलेलं कुलूप

आजचे चिंतन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १८, श्लोक ६३



परवा ६१व्या श्लोकात यंत्रावर बसवून फिरवलेल्या जीवांची उपमा आली. काल ६२व्यात शरण जायला सांगितलं. आणि आज एकदम वेगळंच. आज देव अर्जुनाला म्हणतो की सांगायचं ते सांगून झालं, गुपितातलं गुपित सांगून झालं. आता तू हे सगळं, काही न वगळता तपासून पाहा, आणि मग तुझ्या मनाला येईल तसं कर. सतरा अध्याय आणि वर बासष्ट श्लोक समजावून सांगायचे, आणि शेवटी घोड्यांचा लगाम हातात असलेल्यानंच म्हणायचं की ठरव तूच! हा श्लोक मला लहानपणापासून पाठ आहे, पण कधी अडला नव्हता. या महिन्यात अडला, तोही एका काडेपेटीपेक्षा जरा लांब अशा गाणी वाजवायच्या यंत्रापायी.

सांगतो.

२००७ साली माझ्या साळ्यानं अमेरिकेहून येताना आमच्या मुलासाठी आयपॉड नॅनो आणला. मुलगा तेव्हा नववीत. पुलगावात त्या वेळी असली वस्तू फारशी कोणाकडं नव्हती, त्यामुळे तो आंघोळ सोडली तर सदा कानात इअरफोन घालून. एक दिवस बाबा ओसरीत बसले होते आणि नातवाला हाक मारत होते. दोनदा मारली, तीनदा मारली. पोरगं चार हातांवर पाठमोरं बसलेलं, ढिम्म. बाबा उठले, त्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि मला म्हणाले, "हा बी माह्यासारखा व्हईल."

बाबांना कमी ऐकू यायचं. त्यांची उमेदीची वर्षं बाहेरगावच्या एका कापडगिरणीत, विणाई खात्यात गेली. शेकडो माग एकाच वेळी चालू लागले की तिथला आवाज ९५ डेसिबलच्या वर सहज जातो. सलग आठ तास ऐकायला ८५ ही मर्यादा धरतात, आणि त्यावर दर ३ डेसिबल चढले की वेळ निम्मा करायचा. म्हणजे ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एकच तास. बाबांची पाळी आठ तासांची होती, आणि हा हिशेब त्यांना कोणी सांगितलेला नव्हता. तिकडे इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरण्यांतल्या बाया एकमेकींचे ओठ वाचून बोलायच्या असं मी वाचलंय. बाबाही बोलणाऱ्याच्या डोळ्यांकडे न पाहता तोंडाकडे पाहायचे. लहानपणी मला वाटायचं की आदरानं पाहतात.

कानाच्या आत जो शंख असतो, त्यात केसासारखे बारीक तंतू असलेल्या पेशी असतात. एका कानात साधारण १५ हजार. आवाजाच्या माऱ्यानं त्या मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. गेल्या त्या गेल्या. दुखत नाही, रक्त येत नाही, म्हणून कळतही नाही.

तर बाबांनी साळ्याला विचारलं, "याचा आवाज बांधता येते का?" येत होता. २००६ च्या मार्चमध्येच अ‍ॅपलनं ती सोय दिली होती: आवाजाची वरची मर्यादा ठरवायची, आणि आईबापांना हवं तर त्यावर चार आकड्यांचं कुलूप लावायचं. साळ्यानं सगळं करून दिलं आणि शेवटचे चार आकडे बाबांच्या हातात सोडले. बाबांनी पाठ फिरवून आकडे टाकले. कोणाला सांगितले नाहीत. पोरगं रडलं, चिडलं. "बारावी झाली का काढून देतो," असं बाबा म्हणाले.

बारावी झाली २०११ ला. मुलानं आठवण केली. बाबांनी डबी हातात घेतली, आकडे फिरवले, उघडेना. दुसरे फिरवले. तेही नाही. आकडा विसरले होते. मुलाला तेव्हा इंजिनिअरिंगला जायची घाई, हातात नवा मोबाईल, त्यामुळं कोणाला काही फरक पडला नाही. डबी कपाटात गेली. २०१४ ला बाबा गेले.

आता तुम्ही म्हणाल, मग अडलं कुठं? अडलं आईपाशी. आई एक्क्याऐंशीची. गेल्या दोनतीन वर्षांत तिचंही ऐकणं उतरलं. (३० मे २०१६ च्या रात्री उशिरा आपल्या दारूगोळा भांडारात आग लागून स्फोट झाले, तेव्हा मात्र ती माझ्याआधी उठून बसली होती. कान चांगलाच होता तिचा तेव्हा. त्या रात्री किती घरांतली माणसं गेली, त्यावर मी पूर्वी लिहिलंय, आज नको.) या दिवाळीला कपाट आवरताना तिला ती डबी सापडली, आणि तिला आठवलं की त्यात बाबांचा आवाज आहे.

बाबा भजनी मंडळात होते. आपण किती जोरात गातो ते त्यांना स्वतःला नीट ऐकू यायचं नाही, म्हणून ते सगळ्यांच्या वर गायचे, आणि सूर जरा खालीच लागायचा. मंडळी समजूतदार होती, त्यांना टाळ देऊन कडेला उभं करायची. १९९८ च्या आषाढीला कोणीतरी कॅसेट भरली होती. मुलानं पुढं ती संगणकात उतरवून डबीत टाकली. कॅसेटला बुरशी लागली, संगणक भंगारात गेला. आता बाबांचा आवाज जगात एकाच ठिकाणी उरला होता.

डबी चार्ज झाली! बॅटरी जेमतेम अर्धा तास टिकते, पण टिकते. आईच्या कानात इअरफोन घालून दिले. ती डोळे मिटून बसली. मग म्हणाली, "वाजून रायलं का?" मी माझ्या कानाला लावून पाहिलं, वाजत होतं. गोल चक्रावर अंगठा कितीही फिरवला तरी आवाज एका जागेच्या वर जाईना. नववीतल्या पोराच्या कानासाठी ठरवलेली जागा ती.

पुण्याला मुलाला फोन केला. तो म्हणाला, "बाबा, रिस्टोर करा ना, पाच मिनिटांचं काम आहे." खरंच तेवढंच काम. आकडा विसरला तर यंत्र संगणकाला जोडून मूळपदावर आणायचं, कुलूप जातं. आणि त्याबरोबर आतलं सगळंच जातं. म्हणजे बाबांचं कुलूप काढायचं तर बाबांचा आवाज पुसायचा. मी फोन ठेवून बराच वेळ बसलो.

शेजारच्या एकानं सुचवलं, बाहेरचा स्पीकर लावा. आईनं हात हलवला. "घरभर कायले? सूर चुकते त्याईचा." चौसष्ट वर्षं झाली लग्नाला, नवरा जाऊन दहा वर्षं झाली, तरी त्याचा चुकलेला सूर ती शेजाऱ्यांच्या कानी पडू देणार नाही.

स्टेशनाजवळ मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. तिथल्या पोरानं डबी संगणकाला लावली आणि लपवलेले फोल्डर उघडे केले. आत गाणी होती, पण प्रत्येकाचं नाव चार इंग्रजी अक्षरांचं, कशाचा कशाला पत्ता नाही. सगळी उतरवून घेतली. मी दोन संध्याकाळी एकेक लावून ऐकत बसलो. मुलाची नववी-दहावीतली सगळी गाणी ऐकून झाली (काय काय ऐकायचा!) आणि मग टाळ आला. आणि टाळाच्या वर बाबा.

दुकानातला पोरगा म्हणाला, "काका, आता कुलपाची गरजच काय? मोबाईलमध्ये टाका, पाहिजे तेवढं मोठं लावा." बरोबर होतं त्याचं. आणि मला तिथंच आपले शेजारी आठवले, सेवाग्रामचे.

गांधीजींनी १९१२ मध्ये दक्षिण आफ्रिकेत दूध सोडलं. पुढं १९१८ च्या आजारपणात शरीर अगदी खचलं. १९१९ च्या सुरुवातीला मुंबईत डॉक्टर म्हणाले, दूध घेतल्याशिवाय भागणार नाही. गांधीजी व्रताला चिकटून. तेव्हा कस्तुरबांनी वाट काढली: व्रत घेताना मनात गाय आणि म्हैस होती, शेळी कुठं होती? शेळीचं घ्या. त्यांनी घेतलं आणि जगले. सेवाग्रामला १९३६ मध्ये आले तेव्हाही शेळी होतीच. पण आत्मकथेत त्यांनी कबूल केलंय की ही गोष्ट त्यांना सलत राहिली. व्रताचा शब्द पाळला, जीव पाळला नाही. मला इथं कस्तुरबांचं पटतं, आणि गांधीजींचं सलणंही पटतं. दोन्ही एकाच वेळी पटणं हे तर्काला धरून नाही, पण संसारात असंच असतं.

मोबाईल हे माझं शेळीचं दूध. कुलपाला हात लावायचा नाही आणि काम तर करून घ्यायचं. आई म्हणाली तसं करू नको. मोबाईल तिला हाताळता येत नाही हे एक. पण खरं कारण तिनं दुसऱ्या दिवशी सांगितलं. "तुह्या बाबानं लावलं हाय थे. राहू दे. मोठ्यानं लावाचं म्हणलं का थे अजून नाही म्हणतेत."

मंडळी, यावर काय बोलायचं? बाबांचं घड्याळ बंद आहे. सायकल विकली. चष्मा कुठं गेला माहीत नाही. त्यांनी केलेली एकच गोष्ट घरात अजून चालू होती, रोज संध्याकाळी आपलं काम चोख करत होती. ते "नाही".

इथं मला तो मांजराचा किस्सा सांगायचा मोह होतो. गुरूंच्या ध्यानात मांजर यायचं म्हणून ते बांधायचे; गुरू गेले तरी शिष्य बांधत राहिले; मांजर मेलं तर दुसरं आणलं. कीर्तनात हा किस्सा आला की सगळे हसतात, मीही हसतो. पण तो अर्धाच आहे असं आता वाटतं. त्यात आपण शहाणे आणि जुने लोक वेडे असं आधीच ठरलेलं असतं. मांजर खरोखरच दुधात तोंड घालत होतं की नाही, हे कोणी पाहतच नाही. जुनी मर्यादा दिसली की एकतर डोळे मिटून पाळायची, नाहीतर डोळे मिटून तोडायची. डोळे उघडायचं काम दोन्हीकडं वाचतं. देव मात्र तेच सांगतोय: काही न वगळता तपासून पाहा.

म्हणून मी आधी मांजर आहे का ते पाहायला निघालो. आईला घेऊन कानाच्या तपासणीला गेलो. काचेच्या खोलीत बसवून, टुंई टुंई आवाज ऐकवून आलेख काढला. तपासणाऱ्या बाईंनी एक गोष्ट समजावली, ती मला माहीत नव्हती. म्हाताऱ्या कानाचं असं होतं की हळू आवाज मुळीच पोचत नाही, पण जरा वर गेला की एकदम फार मोठा वाटतो, टोचतो. मधली जागाच अरुंद होते. म्हणून म्हातारी माणसं "मोठ्यानं बोल" म्हणतात, आणि मोठ्यानं बोललं की "ओरडतो कायले?" म्हणतात. आपण त्याला हट्टीपणा समजतो. मी तर वर्षानुवर्षं बाबांना तसंच समजलो. त्यांच्यावर या कारणानं किती वेळा खेकसलो याचा हिशेब काढला तर आजचं चिंतन पुरणार नाही.

म्हणजे कुलूप अगदीच बिनकामाचं नव्हतं. आईला बाबांच्या मर्यादेपेक्षा जास्त आवाज हवा होता, पण मर्यादाच नको असंही नव्हतं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांसाठी आठवड्याला ८० डेसिबलचे ४० तास धरते, लहान मुलांसाठी ७५ चे. पोराचा कान वेगळा, म्हातारीचा वेगळा. बाबांनी जे आकडे टाकले ते एका कानाकडे पाहून.

आणि मग ती वही सापडली. बाबांच्या पेटीत, विम्याच्या कागदांखाली, नातवाची अर्धी कोरी शाळेची वही. पहिल्या पानावर बाबांच्या अक्षरात ००००, ०००१, ०००२, आणि प्रत्येकावर काट. पानंच्या पानं. शेवटचा काट मारलेला आकडा ०८१६.

चार आकड्यांचे एकूण दहा हजार प्रकार होतात. बारावी झाल्यावर आकडा आठवेना, म्हणून त्यांनी सुरुवातीपासून एकेक फिरवायला घेतला होता. कोणाला न सांगता. त्यांनी कुलूप लावलं होतं ते काढायच्या बोलीवर, आणि स्वतःच्याच कुलपाबाहेर बसून तीन वर्षं बोली पाळायचा प्रयत्न करत होते. मुलगा तोवर ती डबी विसरूनही गेला होता.

वही आईला दाखवली. तिनं आकड्यांवरून बोट फिरवलं. वाचता येतं तिला, पण ती वाचत नव्हती. मग म्हणाली, "काढ आता."

मी मुद्दाम ०८१७ पासून शंभरेक आकडे फिरवून पाहिले. उघडलं नाही. उघडावं असं फार वाटत होतं, पण आईचं वय पाहता नऊ हजारांची वाट पाहणं हा माझ्या हौसेचा भाग झाला असता, तिच्या नव्हे.

आता श्लोकाकडे येतो. विनोबांनी १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी गीतेवर प्रवचनं दिली, साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. अठरावा अध्याय शेवटच्या रविवारी आला. बाहेर सरकारचं कुलूप, आत बसलेले कैदी, आणि विषय हा, की शेवटी ठरवायचं तूच. मला पूर्वी वाटायचं की या श्लोकात देव अर्जुनाला मोकळं सोडतो, म्हणजे स्वतःही मोकळा होतो. जबाबदारी संपली. पण पुढचा श्लोक पाहा. लगेच तो म्हणतो की तू मला आवडतोस, म्हणून पुन्हा ऐक. कुलूप काढलं आणि तिथंच बसून राहिला. अर्जुनाच्या हाती निर्णय दिला, पण त्याची काळजी काही खाली ठेवली नाही.

बाबांचा आकडा म्हणजे त्यांची भीती होती. एक पोर त्यांच्यासारखं ओठ वाचत जगेल ही भीती. आकडा मी पुसू शकतो, तो यंत्रात होता. भीती यंत्रात नव्हती. कुलूप काढायचा हक्क कोणाचा, असा प्रश्न मी महिनाभर घोळवत होतो: लावणाऱ्याचा, की ज्याच्यासाठी लावलं त्याचा, की ज्याच्या ताब्यात वस्तू आली त्याचा? मला उत्तर असं वाटतं, की जो काढल्यानंतर ती राखण स्वतःच्या डोक्यावर घेईल त्याचा. मुलगा म्हणाला होता "पाच मिनिटांचं काम", आणि यंत्रापुरतं ते खरंच होतं. त्याचा दोष नाही. त्याला कुलपामागची ओसरी आठवत नाही, मला आठवते.

(याच हिशेबानं एक कटू बोलतो, रागावू नका. वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, रात्री १० ते सकाळी ६ भोंगे बंद, असा नियम २००० सालापासून आहे. आपल्याच सप्ताहात आपलेच भोंगे त्याच्या कितीतरी वर असतात, आणि मांडवात सगळ्यात पुढं भोंग्यापाशी लहान पोरं बसलेली असतात. तिथं कुलूप लावायला एखादा बाबा नाही. पुढच्या बैठकीत मी हा विषय काढणार आहे, बोलणी खायची तयारी ठेवून.)

परवा रविवारी सगळं केलं. बाबांचं भजन आधी दोन ठिकाणी उतरवून ठेवलं, एक माझ्याकडं, एक मुलाकडं पुण्याला. मग डबी मूळपदावर आणली. दोन मिनिटं पडद्यावर सफरचंद आणि खाली सरकणारी पट्टी. तेवढ्या वेळात आईनं तीनदा विचारलं, "गेले का?" पुन्हा भजन भरलं. मग नवी मर्यादा. आईच्या कानात लावून चढवत गेलो. तिच्या कपाळाला आठी पडली तिथून थोडं खाली आलो आणि तिथं बांधलं.

चार आकडे काय ठेवू, असं आईला विचारलं. तिनं ०८१७ सांगितले. ते मी गीताईच्या पुठ्ठ्याच्या आत लिहून ठेवलेत, मुलालाही कळवलेत.

संध्याकाळी दिवा लावून ती बसली. बॅटरी संपेपर्यंत, म्हणजे अर्धा तास, आम्ही कोणी बोललो नाही. मग तिनं इअरफोन काढले, गुंडाळले, आणि म्हणाली, "आलं आयकू. लयच सूर चुकते बाप्पा त्याईचा."

उद्या : श्लोक ६४.